वाटा आधी ठरवा, शर्यती नंतर

प्रति,
वन्यजीव विभाग, नाशिक;
भंडारदरा आणि राजूर वनपरिक्षेत्रांचे अधिकारी;
कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या ग्रामपंचायती;
आणि सह्याद्रीत शर्यती भरवणारे आयोजक यांस,



कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आता नुसते चढणारे-उतरणारे येत नाहीत, पळणारेही येतात. पाठीला पाण्याची पिशवी, हातात काठ्या, पायात खाचांच्या तळव्याचे बूट, मनगटावर घड्याळ. पहाटे पाचनईहून निघायचं, हरिश्चंद्रगड करायचा आणि ऊन तापायच्या आत खाली, असे जथे हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी दिसतात. मीही त्यांच्यातलाच. पुण्याजवळ सिंहगड-राजगड-तोरणा ही अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची, शर्यत भरू लागल्यापासून डोंगरात पळण्याची हौस महाराष्ट्रात झपाट्यानं पसरली. ती आता अकोले तालुक्यात येऊन पोचली आहे. हे सगळं बंद करा, असं मी म्हणणार नाही. माझी मागणी एकच आहे. या अभयारण्यात पळण्याच्या वाटा आधी ठरवा, गावांना विचारून ठरवा, लेखी ठरवा; आणि त्या ठरेपर्यंत एकाही नव्या शर्यतीला परवानगी देऊ नका.

१९८६ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचं आहे. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, त्याच्या उत्तर अंगाला. दक्षिणेला १४२४ मीटरचा हरिश्चंद्रगड. मध्ये रतनगड, कात्राबाईचा डोंगर आणि भंडारदऱ्याचा जलाशय. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते. घाटघरला तर नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, इतका पाऊस तिथे कोसळतो. हा पाऊस आणि खालचा काळा कातळ, या दोघांमध्ये जी माती टिकून आहे ती कुठे हातभर, कुठे वीतभर, कुठे बोटभर. हिरडा, जांभूळ, करवंद, कारवी सगळी तिच्यावर उभी आहेत. पळण्याच्या वाटेचा प्रश्न मुळात या मातीचा प्रश्न आहे.

तोलार खिंड ओलांडून गडाकडे जाणारी वाट जवळून पाहा. मूळ वाट एका माणसाच्या रुंदीची. पावसाळ्यात ती चिखलाची होते, मग माणसं चिखल टाळून कडेच्या गवतावरून जातात. पुढच्या वर्षी ते गवत मरतं, तिथेही चिखल होतो आणि वाट आणखी फाकते. चालणारा हे करतोच, पण पळणारा जास्त करतो. उतारावर तो टाच रोवून वेग आवरतो, त्यामुळे त्याच्या बुटाखाली माती जास्त उखडते. वाट जिथे वळण घेते तिथे तो वळत नाही, सरळ खाली उतरतो, कारण घड्याळ चालू असतं. अशी एक सरळ रेघ पडली की पावसाचं पाणी तीच धरतं. काही पावसाळ्यांत तिथे गुडघाभर चर पडतो, कारवीची मुळं उघडी पडतात आणि माती ओढ्याला मिळते. मग चरातून चालता येत नाही म्हणून शेजारून नवी वाट पडते. एकाच सोंडेवर तीन-तीन समांतर वाटा आज दिसतात त्या अशाच पडल्या आहेत.

याची दुरुस्ती फार खर्चाची नाही. वाटेवर ठरावीक अंतरावर तिरके दगड बसवले की पाणी बाजूच्या गवतात निघून जातं. वळण तोडणाऱ्या जागी काटेरी फांद्या टाकल्या आणि दोन पावसाळे तिकडे कुणी गेलं नाही की गवत परत धरतं. शेताचे बांध आणि ताली पिढ्यान्‌पिढ्या घालणाऱ्या माणसांना हे काम शिकवावं लागत नाही. त्यांना फक्त बोलवावं लागतं आणि मजुरी वेळेवर द्यावी लागते.

माथ्यावरचे सडे वाटेपेक्षाही नाजूक आहेत. पळणाऱ्याला सडा म्हणजे मोकळं मैदान वाटतं: उघडा कातळ, सपाटी, कसंही पसरून पळावं. पण पावसाळ्यात त्याच कातळावरच्या खळग्यांत आणि बोटभर मातीत फुलं येतात, आणि त्यांतली काही फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. सिरोपेजिया लॉई ही कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात याच हरिश्चंद्रगडाच्या परिसरात सापडते. तिचा कंद जमिनीखाली असतो आणि फुलण्याचा मोसम सोडला तर वर काही दिसत नाही. म्हणून पायाखाली काय जातंय हे पळणाऱ्याला कळतही नाही. सड्यावर वाट दगड रचून दोन्ही बाजूंनी आखून द्यायला हवी, आणि त्या रेषेबाहेर पाऊल टाकायचं नाही हा नियम हवा. कातळावर रंगाचे बाण मात्र नकोत. दर शर्यतीला नवा बाण, नवा रंग, आणि पुसायला कुणीच येत नाही.

मोबाइलवरच्या नकाशांनी वेगळीच अडचण केली आहे. कुणीतरी एकदा वाट चुकतो, ढोरवाटेनं भरकटतो आणि कसाबसा खाली येतो. त्याच्या घड्याळात ती रेघ नोंदली जाते, तो ती सगळ्यांसाठी टाकून देतो. पुढच्या आठवड्यात दुसरा तिच्यावरून पळतो. गुरं चारायला जिथे जातात तिथे ढोरवाटा जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. गुराख्याला त्यांतली कोणती कुठे संपते हे माहीत असतं, घड्याळाला नसतं. त्यातली एखादी थेट कड्यावर जाऊन थांबते. वन विभागानं स्वतःचा अधिकृत नकाशा काढला, त्यावर खुल्या वाटा, बंद वाटा आणि पाण्याच्या जागा दाखवल्या, आणि तो प्रत्येक नाक्यावर आणि संकेतस्थळावर ठेवला, तर निम्मी चुकामूक थांबेल. कुठल्या वाटेवर पळावं आणि कुठल्या वाटेवर पळू नये हे सांगणारा फलक मला या अभयारण्यातल्या एकाही गावात दिसलेला नाही.

आता कायद्याचं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात प्रवेशाचा परवाना ठरावीक कारणांसाठी दिला जातो: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि तिथे राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. शर्यत हा शब्द त्यात नाही. म्हणून शर्यतीचा अर्ज आला तर तो पर्यटनाच्या रकान्यात बसवावा लागतो. पर्यटनाचे नियम चालत येणाऱ्या कुटुंबासाठी केलेले आहेत. पहाटे तीनला कपाळावर दिवे बांधून एका रांगेत निघणाऱ्या तीनशे माणसांना ते पुरत नाहीत. शर्यतीसाठी वेगळ्या अटींचा नमुना आपल्या विभागानंच तयार करावा लागेल, आणि त्यात पहिली अट रात्रीची असावी.

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत या जंगलात शर्यत नको. मला ठाऊक आहे, शंभर किलोमीटरची अल्ट्रा रात्र वगळून होत नाही. मग ती इथे होऊ नये. रात्री या वाटा बिबट्याच्या, तरसाच्या आणि साळिंदराच्या असतात. माणसानं मळलेली वाट जनावरालाही सोयीची असते, म्हणून ते झाडीत नव्हे, बरेचदा वाटेवरच भेटतो. रातवा पक्षी तर घरटं बांधतच नाही, पालापाचोळ्यात उघड्यावर अंडी घालतो आणि वाटेच्या कडेला बसून राहतो. कपाळावरच्या दिव्यात त्याचे डोळे लाल निखाऱ्यासारखे चमकतात, आणि पाय पडायला वावभर अंतर उरतं तेव्हा तो उडतो. एकट्यादुकट्या माणसासाठी तो उडतो आणि परत येतो. मागून माणसांची रांगच येत असेल तर तो कधी परतणार? काजव्यांच्या मोसमात आपण रात्रीच्या गाड्यांना वेळेची मर्यादा घातली आहे. तेच तत्त्व पळणाऱ्यांनाही लावा.

शर्यत झाल्यावर जंगलात काय उरतं तेही सांगतो. आयोजकांचं नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. एका शर्यतीला आठवडे उलटून गेल्यावर त्या वाटेनं गेलो तेव्हा कारवीच्या काड्यांना गुलाबी प्लास्टिकच्या फिती तशाच बांधलेल्या होत्या. ऊन लागून त्या चुरचुरीत झालेल्या, हात लावला की तुकडे पडत होते. ओढ्याच्या कडेला गोड जेलच्या फाडलेल्या पुड्या, आणि एका पुडीला मुंग्या लागलेल्या. फिती काढायला माणसं नेमली होती, असं मला नंतर सांगण्यात आलं. नेमली असतीलही. पण अनामत रक्कम विभागाकडे जमा असती, वाट तपासून वनरक्षकानं आणि गावानं सही केल्यावरच ती परत मिळत असती, तर फिती दुसऱ्याच दिवशी निघाल्या असत्या. कापडी फिती, त्यांवर क्रमांक, जेवढ्या बांधल्या तेवढ्या मोजून परत आणायच्या: एवढी साधी अट पुरे आहे.

आता कोणत्या वाटा खुल्या असाव्यात याबद्दल माझं मत. बारी गावातून कळसूबाईची वाट पळण्यासाठी नाही. शिड्यांवर एका वेळी चढणारे आणि उतरणारे दोघं मावत नाहीत. लहान मुलं, म्हातारी माणसं, देवीला निघालेले भाविक तिथे असतात, आणि नवरात्रात तर पाय ठेवायला जागा नसते. तिथे पळत उतरणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. सांदण दरी, नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग या अवघड जागांचा तर विषयच नको. पाचनईहून हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंतची वाट मात्र पळण्याजोगी आहे, कातळाच्या भिंतीखालून जाते, चढ सोसवणारा आहे. ती ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेत खुली ठेवता येईल. देवळापासून कोकणकड्यापर्यंत मात्र सगळ्यांनी चालावं.

पळणाऱ्या मित्रांना माझं पुढचं म्हणणं आवडणार नाही. रतनवाडीहून कात्राबाई खिंडीतून कुमशेतला उतरणारी वाट ही या अभयारण्यातली पळायला सर्वांत सुंदर वाट आहे. सावली, नरम माती, मधूनच उघडणारी दरी. आणि म्हणूनच तिथे कधीही शर्यत होऊ नये. शेकरूची घरटी उंच झाडांच्या शेंड्यांत असतात आणि ते एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत फिरतं. त्याला वरची झाडी सलग लागते आणि खाली शांतता लागते. ज्याला त्या वाटेनं जायचं असेल त्यानं गावातला वाटाड्या घेऊन, चार-पाच जणांच्या टोळीनं जावं. शर्यती भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीच्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर आणि बैलगाडीच्या वाटांवर घ्याव्यात. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर: गावातून गावात जाणारी शर्यत. चढ-उतार आहेत, नजर लागेल असा निसर्ग आहे, रुग्णवाहिका पोचते, आणि चहा-भाकरी विकणाऱ्या बाईला चार पैसे मिळतात.

किती माणसं, हा प्रश्न आयोजक नेहमी टाळतात, कारण प्रवेश शुल्क डोकी मोजून येतं. जगातल्या नावाजलेल्या शर्यतींनी तो टाळलेला नाही. अमेरिकेतली वेस्टर्न स्टेट्स ही १०० मैलांची शर्यत संरक्षित रानातून जाते, म्हणून तिथल्या वनखात्याच्या परवानगीनुसार तिच्यात ३६९ धावपटूंची मर्यादा आहे. जगभरातून हजारो अर्ज येतात, सोडत निघते, पण मर्यादा वाढत नाही. शिवाय प्रत्येक धावपटूला वाटेच्या डागडुजीचं किंवा तशा सेवेचं आठ तासांचं काम आधी करावं लागतं. टेनेसीतल्या फ्रोझन हेड या डोंगराळ, दाट झाडीच्या उद्यानात बार्कली नावाची शर्यत होते. जगात तिच्याइतक्या अवघड शर्यती थोड्याच, आणि तिथे एका वेळी सुमारे ४० जणच उतरतात. आपल्याकडे जंगलवाटेवर एका दिवशी शंभराच्या वर धावपटू नसावेत, असं मला वाटतं. आणि ज्याला पळायचं त्यानं एक दिवस वाटेवर दगड बसवायला यावं. श्रमदान हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही.

सुरक्षिततेबद्दल मी हात जोडून सांगतो. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ जण उतरले होते. दुपारी उंचावर वारा सुटला, गारा आणि गोठवणारा पाऊस आला. वारा अडवणारं जाकीट जवळ असणं सक्तीचं नव्हतं. बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. २१ जण गारठून दगावले, त्यांत देशातले अव्वल अल्ट्राधावपटूही होते. त्या दिवशी सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. त्यानं त्यांना डोंगरातल्या गुहेत नेलं आणि शेकोटी पेटवली.

सह्याद्रीत तशी थंडी पडत नाही, पण इथली संकटं वेगळी आहेत. मार्च उजाडला की दुपारी कातळ असा तापतो की माणूस उन्हानं कोसळतो. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. एका चुकीच्या आवाजानं किंवा अत्तराच्या वासानं ती उठतात, आणि शिडीवर अडकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. गवतात फुरसं असतं. पावसाळ्यात कारवीच्या फांदीवर चापडा साप हिरव्या पानासारखा बसलेला असतो, अगदी हात टाकावा त्या उंचीवर. गडावर घोटा मोडलेला माणूस डोलीत घालून पाचनईपर्यंत आणायचा, मग गाडीनं राजूर गाठायचं, तोवर अर्धा दिवस जातो. आणि डोली उचलतं कोण? गावातली पोरं आणि पदरमोड करून धावत येणारे गिर्यारोहक. आयोजकांनो, तुमच्या शर्यतीचा बचाव-आराखडा त्यांच्या जिवावर उभा असेल, तर तो त्यांच्याबरोबर बसून लिहा, त्यांचा विमा काढा आणि त्यांचं मानधन आधी द्या.

यातूनच मी मूळ मुद्द्यावर येतो. या वाटा गावांच्या आहेत. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसं हिरडा गोळा करायला, गुरं वळायला, घाट उतरून कोकणात जायला पिढ्यान्‌पिढ्या या वाटा वापरत आली. राघोजी भांगरे इंग्रजांशी लढले ते याच डोंगरांच्या आधारानं. अकोल्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनसंपत्ती जपण्याचा आणि तिचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. तरी शर्यतीच्या दिवशी गावकऱ्याला त्याच्याच वाटेवर ‘बाजूला व्हा’ म्हणून सांगितलं जातं, आणि जेवणाचा टेम्पो शहरातून येतो. पाचनईच्या बाजूच्या एका घरी भाकरी खाताना घरधनी मला म्हणाले, ‘आमची हरकत नाही हो, पण आम्हाला कुणी सांगतच नाही.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

याच नाशिक-अकोल्याच्या डोंगरपट्ट्यानं कविता राऊत दिली. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. डोंगरपाड्यातल्या पोरांच्या पायात काय ताकद आहे हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको. आणि इथे जंगलातल्या शर्यतीचं शुल्क काही हजारांत असतं. अभयारण्यातल्या गावांच्या मुलामुलींना प्रत्येक शर्यतीत विनाशुल्क जागा राखीव ठेवा, बूट द्या, आश्रमशाळेतल्या क्रीडाशिक्षकांना सोबत घ्या. परवान्याच्या अटींतच हे लिहा, म्हणजे ते कुणाच्या मर्जीवर राहणार नाही. शुल्काचा ठरलेला भाग थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावा आणि त्याचा हिशेब चावडीवर लागावा.

मोसमाचं एका वाक्यात सांगतो: जून ते सप्टेंबर वाटांना विश्रांती द्या, काजव्यांच्या दिवसांत जंगलाला, आणि कारवी फुलते त्या वर्षी त्या त्या उताराला. कारवी सात-आठ वर्षांत एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. त्या एका मोसमात तिच्यातून माणसांच्या रांगा गेल्या तर पुढची पिढी उगवायची कुठून?

वन विभागातल्या अधिकाऱ्यांवर कामाचा बोजा किती असतो हे मी जाणतो. एका वनरक्षकाकडे मैलोन्‌मैल जंगल असतं, वणवा असतो, शिकारीची खबर असते, पर्यटकांची भांडणं असतात. पळणाऱ्यांची ब्याद आणखी कुठे, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण आत्ता पळणारे कमी आहेत, ऐकण्याच्या मनःस्थितीत आहेत आणि मदतीला तयार आहेत. पाच वर्षांनी शर्यतींची नावं पक्की झालेली असतील, प्रायोजक आलेले असतील, परवानगी नाकारली की मंत्रालयातून फोन येईल. तेव्हा वाट ठरवणं जड जाईल.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे. येत्या पावसाळ्याआधी पाचनई, रतनवाडी, कुमशेत, बारी आणि साम्रद इथल्या ग्रामसभा बोलवा. कागदावरचा नकाशा टेबलावर पसरा. गुराख्यांना, हिरडा वेचणाऱ्या बायांना, वाटाड्यांना आणि वनरक्षकांना त्याच्याभोवती बसवा, आम्हा पळणाऱ्यांना मागच्या रांगेत बसवा. कोणती वाट खुली, कोणती बंद, कोणत्या महिन्यात, किती माणसांना, हे त्या बैठकीत ठरू द्या आणि सह्यांसह जाहीर करा. वाटांच्या डागडुजीला आमच्यातले लोक लागतील तेव्हा निरोप द्या. दगड उचलायला आम्ही येऊ, आणि जी वाट बंद ठरवाल तिच्यावर पाऊल ठेवणार नाही.

आपला विश्वासू,
सह्याद्रीच्या वाटांवर पळणारा एक धावक